पुढे ओझं, मागे मी

अँटॉप हिलला राहणाऱ्या माणसाला 'तुमचं स्टेशन कुठलं?' असं विचारू नये. तो जरा वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, "तसं म्हटलं तर जीटीबी नगर." तसं म्हटलं तर वडाळाही आहे, किंग्ज सर्कलही आहे आणि गुडघे शाबूत असतील तर सायनही आहे. यातलं एकही लांब नाही आणि एकही जवळ नाही. टॅक्सीवाल्याला विचारावं तर तो "इतक्या जवळ?" म्हणून काच वर करतो, चालत जावं तर अर्ध्या वाटेत पिशवीचे बंद रुतून बोटं जांभळी पडतात. मार्च २०१९ मध्ये मोनोरेल आमच्या डोक्यावरून धावू लागली, अँटॉप हिल नावाचं स्टेशनसुद्धा झालं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. मोनोरेल छानच होती. फक्त तिला पिठाच्या गिरणीपाशी थांबा नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणेसाठी बंद ठेवली तेव्हा आमच्या घरात कोणी हळहळलं नाही, कारण दळणाचा डबा तोपर्यंत माझ्याच हातात होता.

आमच्याकडे पाकिटातलं पीठ येत नाही. एकदा आलं होतं. आईने त्याची एक पोळी लाटली, भाजली, उजेडासमोर धरली आणि "हं" म्हणाली. त्या "हं"पासून मी दहा किलोचा डबा घेऊन गिरणीत जातो.

कोपनहेगनला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीत आला, तो नेमका मी डबा घेऊन जिना चढत असताना.

"मामा, तू ओझं वाहतोस?"

"नाही रे, फिरवून आणतो. घरात बसून कंटाळतं ते."

विनोद त्याला लागू पडला नाही. त्याने तिथेच, जिन्यात, मोबाईल काढला. डेन्मार्कमध्ये म्हणे १९२० च्या दशकापासून 'लाँग जॉन' नावाची मालवाहू सायकल आहे. चाकं दोनच, पण पुढचं चाक हँडलपासून इतकं पुढे की पेटी भरली तर बसल्या जागेवरून ते दिसतही नाही. मधल्या जागेत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, फळी किंवा पेटी. हँडल फिरवलं की पेटीखालून गेलेला एक दांडा पुढचं चाक फिरवतो. ओझं खाली असल्यामुळे तोल राहतो, आणि ते हँडलला टांगलेलं नसल्यामुळे हँडल जड होत नाही.

"सुरुवातीला डुगडुगते," भाचा म्हणाला. "पण चाकाकडे बघायचंच नाही. नजर लांब ठेवायची."

"मग जवळचा खड्डा कोण बघणार?"

"कोपनहेगनमध्ये खड्डे नाहीत, मामा."

"मग तिथे सायकल चालवण्यात हुशारी कसली?" हे आतून आईने विचारलं.

भाचा खचला नाही. तिथे दोन किंवा जास्त मुलं असलेल्या घरांपैकी साधारण चारातल्या एका घरी अशी मालवाहू सायकल असते. १९४२ साली तिथे या सायकलवाल्यांची शर्यतसुद्धा सुरू झाली, ज्यात फेऱ्या मारता मारता मधेच टायर आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे चढवून पुढे पळायचं असतं. (वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन पळणं ही शर्यत आहे, हे आमच्या पेपरवाल्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.) मग तीनचाकी निघाली: पुढे दोन चाकं, त्यांच्यावर मोठी पेटी, मागे एक चाक आणि माणूस. क्रिस्टियानिया नावाच्या वस्तीतल्या एका लोहाराने ती १९८४ साली बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून बनवली, असं भाच्याने भक्तिभावाने सांगितलं.

"ओझं वाहायची गाडी? वाढदिवसाला?" माझी बायको म्हणाली. "आमच्याकडे त्याच्यासाठी वाढदिवसाची वाट बघत नाहीत."

"आणि मुलं त्या पेटीत बसवतात?" आईने विचारलं. "पुढे?"

"हो आजी. सतत डोळ्यांसमोर राहतात. गप्पा मारता येतात."

"आणि कुठे आपटली गाडी, तर आधी मुलं?"

डेन्मार्कचा विषय त्या रात्रीपुरता संपला.

सकाळी मी भाच्याला नाक्यावर नेलं. म्हटलं, आमचीही मालवाहतूक बघ. सिलिंडरवाल्याची सायकल उभी होती. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी हूक, हुकांना सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि वरचं लोखंड जवळपास तितकंच, किंबहुना थोडं जास्तच. म्हणजे एक नग तीस किलोच्या घरात. असे चार नग. त्या सायकलला स्टँड आहे, पण तो रिकाम्या सायकलसाठी. भरलेली सायकल तो भिंतीला टेकवतो, आणि भिंत नसेल तर स्वतःच्या कमरेला टेकवून बिडी पेटवतो. पायडल त्याने कधी मारलेलं मी पाहिलं नाही. सायकल हे त्याचं वाहन नसून सहकारी आहे. पलीकडून इडलीवाले अण्णा भोंगा वाजवत आले: कॅरियरवर इडलीचं पातेलं, हँडलच्या एका बाजूला सांबार, दुसऱ्या बाजूला चटणी, आणि दोन्हींतली पातळी कायम सारखी, कारण गिऱ्हाईकाने जास्त चटणी मागितली की अण्णा त्याला आग्रहाने सांबारही वाढतात. १८९० पासून चालत आलेल्या परंपरेतले डबेवालेही गेले. त्यांच्या सायकलचं कॅरियर कुठे संपतं आणि हँडल कुठे सुरू होतं ते कळत नाही. नुसते डबे दिसतात आणि डब्यांच्या वर एक पांढरी टोपी.

"सगळे मागे लादतात," भाचा निराश होऊन म्हणाला. "पुढे पेटी का नाही लावत?"

सिलिंडरवाल्याने त्याच्याकडे बिडीच्या धुरातून पाहिलं. "माल मागे पाहिजे साहेब. मागे असला तर आपण मालाला नेतो. पुढे ठेवला तर मालच आपल्याला नेतो."

हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून घ्यायला हवं होतं. पण भाचा तोपर्यंत माझा दंड धरून ओरडत होता. फाइव्ह गार्डनच्या दिशेने एक आईस्क्रीमवाला निघाला होता. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर पांढरी पेटी, मागे एक चाक आणि माणूस.

"मामा, क्रिस्टियानिया!"

आईस्क्रीमवाल्याने गाडी थांबवली, झाकण उचलून आत डोकावलं आणि म्हणाला, "तो संपला साहेब. बटरस्कॉच आहे."

धारावीच्या १३ नंबर कंपाउंडात मागितलं तर विमानसुद्धा सुटं मिळेल, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. तिथे एक मोडीत निघालेली आईस्क्रीमची गाडी उभी होती. पेटी पत्र्याची, आत थर्माकोल, झाकणावर पिस्ता-केशर-चोकोबारचे जुने भाव. मागचा भाग जुन्या ॲटलस सायकलचा होता. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. भंगारवाल्याने ही माहिती दिली आणि तिच्यावर किंमत वाढवून सांगितली. भाच्याने बयाणा दिला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि विमानात बसला.

गाडी घरी आणणं माझ्याकडे राहिलं.

या गाडीला हँडल असं नसतंच. पेटीच्या मागच्या कडेला आडवा दांडा असतो. तो धरायचा आणि पेटीच वळवायची, तिच्या दोन्ही चाकांसकट. स्टीलचं कपाट भिंतीपासून ओढून फिरवतात ना, तसं. फक्त इथे कपाट चालू असतं आणि मागून बेस्टची बस येत असते. त्यात मला सायकल येते, हा मोठा अडथळा. सायकल येणारा माणूस वळताना नकळत झुकतो. दोन चाकांची सायकल त्याच्याबरोबर झुकते आणि वळते. तीन चाकांची गाडी झुकत नाही. मी डावीकडे झुकलो, गाडी सरळ गेली, आणि एका कोथिंबीरवालीच्या टोपलीपाशी आम्ही दोघं पुन्हा एकत्र आलो. जास्त जोराने वळवलं तर आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उठतं आणि हवेत फिरत राहतं. बघणाऱ्याला ते फार आवडतं.

आणखी एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली, ती म्हणजे रस्ता सपाट नसतो. पाणी गटारात जावं म्हणून तो मधे फुगीर आणि कडेला उतरता करतात. दोन चाकांवर बसणाऱ्याला हे जन्मात कळत नाही. तीन चाकांवर लगेच कळतं, कारण गाडीही पाण्याच्याच वाटेने गटाराकडे निघते. पाणी बऱ्याचदा पोचत नाही; गाडी पोचते.

आणि खड्डे! सायकलची दोन्ही चाकं एका रेघेत जातात, म्हणून थोडं कसब असेल तर खड्डा चुकवता येतो. इथे रेघा तीन. डावं चाक चुकवलं तर उजवं जातं, दोन्ही चाकांच्या मधून खड्डा काढला तर तो मागच्या चाकासाठी, म्हणजे माझ्यासाठी, राखून ठेवलेला असतो.

सायन स्टेशनवरचा १९१२ सालचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून नव्याने बांधण्यासाठी बंद केलेला, म्हणून हॉस्पिटलच्या बाजूने वळसा घेतला. शाळा सुटलेली होती. मागे पोरांची रांग लागली. एकाने धावता धावता झाकण उघडून आत पाहिलं आणि "फसवतोय!" असं जाहीर केलं. राणी लक्ष्मीबाई चौकात एका हवालदाराने हात दाखवला.

"परवाना?"

"मी आईस्क्रीमवाला नाही हो."

"मग पेटीत काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"काही न्यायचं नाही तर एवढी पेटी घेऊन फिरता कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी बराच विचार केला, चौकीतल्या पाण्याचे दोन रिकामे जार पेटीत ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या कोपऱ्यावर द्या. जाताच आहात तर."

या गाडीचा सगळा स्वभाव त्या शेवटच्या तीन शब्दांत होता. मला तेव्हा वाटलं, परोपकार झाला.

मोनोच्या खांबाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्याने गाडी आडवी केली. पुढचं डावं चाक फिरवलं, हातातला खडू रिमच्या अगदी जवळ स्थिर धरला. चाक जिथे जिथे बाहेर येत होतं तिथे खडूची रेघ उमटली. रेघ जवळजवळ सगळीकडे उमटली.

"आऊट आहे," तो म्हणाला.

"किती?"

"चाक कमी आहे, आऊट जास्त आहे."

मग छोट्या चावीने तो एकेक तार पाव-पाव पिळत गेला. रेघेच्या समोरच्या बाजूची आवळायची, रेघेकडची सैल सोडायची. मधेच नखाने तार छेडून कान देऊन ऐकायचा. दुपारभर हे चाललं. छर्रे बदलले, ग्रीस भरलं. मी ब्रेकचं विचारलं.

"ब्रेक आहे की. मागच्या चाकाला."

"आणि पुढच्या?"

त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. "तळ जाड घ्या."

बायकोला सायकल येत नाही. ती गंमत म्हणून गाडीवर बसली, सरळ गेटपर्यंत गेली, पेटी फिरवली आणि परत आली. "यात अवघड काय आहे?" मी समजावलं की सायकल न येणाऱ्यालाच ही पटकन येते, कारण तिला झुकायची सवय नाही. ते तिने भलत्याच अर्थाने घेतलं आणि ताबडतोब मान्य केलं. पण रोज चालवायची मात्र मी, असंही ठरलं.

पहिल्यांदा दळणाला निघालो तेव्हा पेटीत माझा एकटा डबा होता. खाली जिन्यापाशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"गिरणीत चाललात?"

हातात डबा असताना हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. हातातला डबा लोकांना दिसत नाही. दिसला तर ते नजर वळवतात, न जाणो दुसरं टोक धरायला लागायचं. कॅरियरला बांधलेलं ओझंसुद्धा खाजगी असतं. पण पुढच्या पेटीत ठेवलेला डबा दिसतो, आणि त्याच्या बाजूची रिकामी जागा त्याहून जास्त दिसते. काकूंनी गव्हाचा डबा ठेवला. तळमजल्यावरून ज्वारी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी उपासाची भाजणी ठेवली आणि बजावलं, "तांदूळ दळल्यावर लगेच नका हं दळू. आधी विचारा, कोणाचं काय दळलं." चौथ्या मजल्यावरून दोरीने पिशवी खाली आली; तिच्यात दळण नव्हतं, इस्त्रीचे कपडे होते. "लाँड्री वाटेतच आहे ना." वॉचमनने मोबाईल ठेवला, काच बदलायला. एका सद्गृहस्थांनी जुन्या बॅटऱ्यांचं पुडकं ठेवलं आणि ते कुठे द्यायचं हे न सांगताच निघून गेले. ते अजून माझ्याकडे आहे.

भरलेली गाडी रिकामीपेक्षा चांगली चालते, हे मला कबूल केलं पाहिजे. रिकामी पेटी उडत असते. पन्नास किलो टाकले की जमिनीला धरून चालते. सुरू व्हायला मात्र वेळ घेते, आणि थांबायला त्याहून जास्त. ओझं पुढे आणि ब्रेक मागे. ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकांवर जातो, मागचं चाक हलकं होतं, आणि जे चाक थांबवलं ते नुसतं घसरत येतं. गिरणीवाल्याने मला तीनदा समोरून जाताना पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने पोराला फळी आडवी धरायला लावली.

परतीचा घोळ वेगळा. गिरणीतून निघालेलं पीठ गरम असतं. ते झाकण उघडं टाकून निववायचं असतं, हे कोणीही सांगेल. पण थर्माकोलच्या पेटीत ते निवत नाही. आईस्क्रीम थंड ठेवणारी पेटी पीठही तितक्याच इमानाने गरम ठेवते. घरी येईपर्यंत डब्यांच्या झाकणांना आतून घाम आला होता. शिवाय वाटेतल्या गतिरोधकावर तिन्ही चाकांनी एकामागून एक उडी मारली, झाकणं सुटली, आणि गहू, ज्वारी व उपास यांच्यातल्या सीमा पुसल्या गेल्या. पेटीत मुरलेला व्हॅनिलाचा वास सगळ्यांना समान मिळाला. मी घरोघरी डबे देऊन दार लावून बसलो. रात्री काकूंचा फोन आला.

"काय दळून आणलंत हो?"

"का? काय झालं?"

"थालीपीठ इतकं खुसखुशीत! हे म्हणाले, वासही काय छान. पुढच्या वेळी पंधरा किलो देते."

तिसऱ्या मजल्यावर मात्र एकादशी मोडल्याची कुणकुण होती. त्यांना मी अजून जिन्यात टाळतो.

आता आईला वाटलं, एवढी इमारतीची सोय होते, तर आपण काय पाप केलंय? तिला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जायचं होतं. आषाढीला तिथे चेंगराचेंगरी होते, म्हणून साधा गुरुवार निवडला. आई बेताच्या चणीची. झाकण काढलं, पेटीत पाट टाकला, पाटावर गोधडी, त्यावर आई, आईच्या हातात छत्री. छत्री उघडल्यावर मला पुढचं काही दिसेना.

"तुला दिसायची गरज काय?" आई म्हणाली. "मी सांगते ना."

आणि तिने सांगितलं. डावीकडे घे. उजवीकडे घे. हळू. खड्डा. खड्डा म्हटलं ना! डेन्मार्कच्या मुलांना पुढे बसून गप्पा मारता येतात; आमच्या आईला पुढे बसून कारभार करता येतो. ती ओळखीचं कोणी दिसलं की त्या बाजूला वळायची, तिच्याबरोबर वजन वळायचं, वजनाबरोबर पेटी वळायची आणि मी नाइलाजाने त्या ओळखीच्या माणसाच्या अंगावर जायचो. सीजीएस कॉलनीच्या कोपऱ्यावर तिने पेटीतूनच भाजी घेतली, घासाघीस केली, आणि वांगी परत केली. लोकांना आधी ती भेटायची, मग तिची छत्री, आणि बऱ्याच वेळाने मी. "हा कोण?" असं एकीने विचारलंसुद्धा. "मुलगा," आई म्हणाली. "चालवायला आहे."

वडाळ्याच्या पुलाचा चढ आला. "मी उतरू का रे?" तिने ज्या सुरात विचारलं त्या सुराला 'हो' हे उत्तर नसतं. मी उतरून ढकलू लागलो. दोन कॉलेजची मुलं मदतीला आली. "आजी, कुठे चाललात?" "पंढरपूरला," आईने सांगितलं, आणि प्रसाद म्हणून त्यांना एकेक काकडी दिली. उतारावर मी ब्रेक दाबला; मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि आम्ही पुढे गेलो. "सरका! सरका हो!" आई छत्री परजत ओरडत होती. तिच्या आवाजापुढे टॅक्सी सरकल्या, एक ट्रक सरकला. भाच्याच्या कोपनहेगनमध्ये अशा गाडीला चकतीचे ब्रेक लावतात म्हणे. आमच्याकडे आई होती.

मंदिराबाहेर गाडी लावून मी चपला ठेवायला गेलो. येऊन पाहतो तर आईसमोर तुळशीची माळ, एक नारळ आणि पाच रुपयांचं नाणं. एक बाई हात जोडून उभ्या. आईने त्यांना आशीर्वाद दिला होता. नाण्याचं काय करायचं, असं मी विचारलं. "विठ्ठलाचं विठ्ठलाला," म्हणून ती ते दानपेटीत टाकायला आत घेऊन गेली. नारळाबद्दल ती काही बोलली नाही. त्याची चटणी चांगली झाली.

एवढ्यावर सोसायटी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. मासिक सभेत 'पेटीगाडीचे पार्किंग' हा विषय आला. दुचाकीचा दर ठरलेला, चारचाकीचा दर ठरलेला, ही मधेच. सेक्रेटरींनी दोन्ही दर मिळवून दोनाने भागले आणि तोडगा काढल्याच्या समाधानाने पाणी प्यायले. एका निवृत्त आजोबांनी, गावी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा आणि रात्री दिव्याशिवाय डबलसीट पकडलं तर दंड व्हायचा, ही आठवण सविस्तर सांगितली. मग कोणीतरी म्हणालं, गाडीला आरटीओचा नंबर लागेल का? मोटार नाही, नुसती पायडलची, तेव्हा नोंदणी लागत नाही, असं मी सांगितलं. यावर सभेत नाराजी पसरली. वडाळ्याचं आरटीओ इतकं जवळ असून त्याचा काही उपयोग करून घेता येऊ नये, हे लोकांना लागलं.

नंतर वेळापत्रक झालं. सोमवार दळण, मंगळवार लाँड्री, बुधवार रद्दी, असं सगळं मांडून झाल्यावर मी विचारलं की यात माझं नाव कुठे आहे.

"तुम्ही चालक," सेक्रेटरी म्हणाले. "चालक प्रत्येक वारी असतोच. त्याला वेगळा वार कशाला?"

शेवटचा विषय गणपतीचा. इमारतीची दीड फुटी शाडूची मूर्ती परळच्या कार्यशाळेतून आणायची, यंदा टेम्पोऐवजी पेटीगाडीतून, हे एकमताने मंजूर झालं. माझं मत विचारायचं राहून गेलं. मग मूर्तीचं तोंड कुठे, यावर वाद पेटला. तोंड रस्त्याकडे केलं तर देवाला परळपासून अँटॉप हिलपर्यंतचे सगळे खड्डे बघावे लागतील. तोंड माझ्याकडे केलं तर देवाला पूर्ण वेळ मला बघावं लागेल. "त्यापेक्षा खड्डे बरे," असं कोणीतरी मागून म्हणालं, आणि तो आवाज आमच्याच घरातला होता. आणतानाच्या वाटेत मूर्तीच्या तोंडावर वस्त्र असतं, मग तिला दिसणार काय, हा मुद्दा आजोबांनी मांडला. पण तेव्हा दोन्ही बाजू रंगात आल्या होत्या आणि मुद्दा कोणालाच नको होता.

ठराव असा झाला: मूर्तीचं तोंड रस्त्याकडे. मूर्तीमुळे चालकाला पुढचं दिसणार नाही, तेव्हा त्याला वाट सांगायला पुढे एक जबाबदार माणूस असावा. कोण तयार आहे?

आईने हात वर केला. चालणार नाही, हे तिने आधीच स्पष्ट केलं. मूर्तीच्या शेजारी पाट मावतो. तिने सकाळीच मोजून ठेवलं होतं.